पान चौदावरचा जबडा

२८ ऑक्टोबर
रोजनिशी पुन्हा सुरू. मागची जानेवारीत सुरू केली आणि जानेवारीतच थांबली, पण तेव्हा मी प्रॅक्टिस करत होतो. आता गुरुग्रामचं क्लिनिक मैत्रेयीच्या हवाली केलंय आणि मी पूर्ण वेळ संपादक आहे. लेक माझ्यासारखीच डेंटिस्ट झाली याचा हा एक फायदा. संकल्प: रोज एक पान. चहात साखर बंद. 'यमुना डेंटल जर्नल' यापुढे वेळेवर.

ओखल्याला प्रेसमध्ये गेलो. ऑक्टोबर अंक शेवटच्या टप्प्यात. (ऑक्टोबर अंक ऑक्टोबरातच निघावा अशी काही लोकांची अपेक्षा असते. दर्जाला वेळ लागतो.) पान चौदावर माझे मित्र बळवंतराव यांचा ओपीजी, म्हणजे अख्खा जबडा एका लांबट एक्स-रेत येतो तो. खालच्या दोन्ही अक्कलदाढा हिरडीच्या आत आडव्या झोपलेल्या, आणि एकीच्या बुडाशी सुरेख काळी गाठ. दुखत नाही, सुजत नाही, बाहेरून काही कळत नाही. अशी केस फार क्वचित मिळते. लेख अर्थात माझाच.

अडचण एकच. गाठ नेमकी शिवणीत जात होती. अंक उघडला की पानाचा सगळ्यात देखणा भाग दुमडीत गडप. पानं लावणाऱ्या मानसला म्हटलं, फोटो आडवा उलटव, गाठ बाहेरच्या कडेला आण. त्याने उलटवला. मग म्हणाला, सर, ये कोने का L उल्टा हो गया. डावी बाजू कुठली ते सांगणारी ती खूण. उलटी फारच वाईट दिसत होती. म्हटलं, पुसून टाक. पान एकदम मोकळं झालं. ही नजर शिकवून येत नाही.

३१ ऑक्टोबर, दुपार
शेवटचं प्रूफ. बरं झालं मी स्वतः बसलो. लेखात 'खालची डावी अक्कलदाढ' असं पडलंय आणि फोटोत गाठ सरळसरळ उजवीकडे आहे. (समोर उभ्या माणसाकडे बघावं तसा एक्स-रे बघायचा असतो. त्याची उजवी बाजू आपल्या डावीकडे.) टायपिंगची चूक. जिथे जिथे डावी होतं तिथे उजवी केलं. दुसऱ्या कुणाच्या नजरेतून सुटलं असतं.

बळवंतरावांची मूळ फिल्म प्रेसमध्येच कुठेतरी राहिली. उद्या फोन करायचा.

९ नोव्हेंबर
अंक आला. बाहेर धुरकट इतकं की समोरचा ब्लॉक दिसत नाही, पण पान चौदा स्वच्छ दिसतं. सौ. (विनया) ऑफिसातून आली, मास्क काढता काढता बघितलं, म्हणाली, छान आहे, कोणाचा जबडा? बळवंतरावांचा म्हटल्यावर म्हणाली, अच्छा, त्यांना विचारलंत ना? विचारलंय. नाव कुठेही घातलेलं नाही. तसे ते स्वतःच साऱ्या सरोजिनी नगरला सांगतील.

संध्याकाळी त्यांच्या क्वार्टरवर जाऊन अंक दिला. सुनंदावहिनींनी पोहे केले. बळवंतराव मे महिन्यात रिटायर होणार, सगळं आयुष्य अकाउंट्समध्ये काढलं, आजवर त्यांचं काहीच कुठे छापून आलेलं नाही. पान चौदा बघून त्यांचा आवाजच बदलला. फिल्मचं विचारलं. म्हटलं, फिल्म पिवळी पडते, हा आर्ट पेपर आहे, आता हाच तुमचा एक्स-रे समजा. त्यांना पटलं.

दाढ काढायची संक्रांतीनंतर, मैत्रेयीकडे. मी काढली असती, पण अंकातून सवड नाही.

प्रेसला फोन राहिला.

११ नोव्हेंबर
अंक चालवणाऱ्या दंतवैद्यक परिषदेची मीटिंग. अध्यक्ष म्हणाले, अंक कोणी वाचतं का ते एकदा कळू दे. फेब्रुवारीपर्यंत वाचकांच्या प्रतिक्रिया गोळा करा, मग ठरवू छापील अंक ठेवायचा का, आणि संपादक.

'आणि संपादक' हे कशाला जोडलं ते समजलं नाही. बहुधा मानधनाचं असेल.

मला या सर्वेची अजिबात चिंता नाही. उलट मीच सुचवणार होतो. घोषवाक्यसुद्धा तयार आहे: वाचक हाच खरा संपादक.

१४ नोव्हेंबर
प्रसन्नने ऑनलाइन फॉर्म बनवून दिला. आयटीतल्या मुलाचा एवढा तरी उपयोग. प्रश्न मी घातले. पहिला: संपादकीय आपल्याला कसं वाटतं? पर्याय: आवडतं, फार आवडतं, अतिशय आवडतं. प्रसन्न म्हणाला, बाबा, एखादा वाईट ऑप्शन पण ठेवतात यार. म्हटलं, वैद्यकीय क्षेत्रात उगाच नकारात्मकता नको. शेवटी 'आणखी काही सांगायचंय?' अशी मोकळी जागा त्याच्या आग्रहाखातर ठेवली.

आणि एक केलं. फॉर्म भरला की आधी आलेल्या सगळ्या प्रतिक्रिया भरणाऱ्याला दिसतील. लोकांनी एकमेकांचं कौतुक वाचलं की हुरूप येतो. प्रसन्नने दोनदा विचारलं, नक्की ना? म्हटलं, बिल्कुल. पारदर्शकता.

मैत्रेयीला पहिली लिंक पाठवली. म्हणाली, बघते.

२० नोव्हेंबर
पहिली प्रतिक्रिया, आणि ती पानिपतहून. डॉ. कुसुमावती म्हणून कोणी आहेत. आपल्याच, मराठी दिसतात, लग्न होऊन तिकडे गेलेल्या असाव्यात. लिहितात: पान चौदावरच्या एक्स-रेची छपाई उत्तम. परंतु एक्स-रे उलटा छापलेला वाटतो. बाजूची खूण पुसली आहे. लेखात उजवी दाढ म्हटलंय आणि खालच्या तक्त्यात दाढेचा क्रमांक ३८ आहे, म्हणजे डावी. खरं कुठलं? कृपया रुग्णाला कळवावे.

म्हणजे तक्ता राहिला. आकड्यांकडे माझं लक्ष गेलं नाही, पण तक्ते वाचतं कोण? आणि उलटा म्हणणं जरा जास्तच होतंय. फक्त आडवा फिरवलाय. जबड्याच्या दोन बाजू सारख्याच असतात.

तरी पहिलं वाक्य फार आवडलं. 'छपाई उत्तम.'

२ डिसेंबर
एकूण प्रतिक्रिया चार. त्यातली एक विनयाच्या ऑफिसातल्या बाईंची. विनयाला म्हटलं, अजून दहाबारा जणींना भरायला सांग. म्हणाली, त्यांचा दातांशी काय संबंध? म्हटलं, दात सगळ्यांनाच असतात. ती कुकर लावायला गेली.

मैत्रेयीने अजून फॉर्म भरलेला नाही. आठवण केली. म्हणाली, पेशंट आहे बाबा. स्वतःच्या बापाच्या अंकासाठी दोन मिनिटं निघत नाहीत.

साखर पुन्हा सुरू. थंडीत लागते.

१८ डिसेंबर
जानेवारी अंकाची जुळवाजुळव. नवं सदर: 'वाचक म्हणतात'. पहिलंच पत्र पानिपतचं घेतोय. जागा कमी असल्याने संपादन करावं लागलं. आता असं आहे: 'पान चौदावरच्या एक्स-रेची छपाई उत्तम. – डॉ. कुसुमावती, पानिपत.' खाली कंसात, जागेअभावी संक्षिप्त. एक अक्षर माझं नाही, सगळं त्यांचंच.

शुद्धिपत्राचा विचार केला होता. पण जानेवारीत छापलं तर फेब्रुवारीच्या मीटिंगमध्ये अध्यक्ष नेमकं तेच पान उघडून बसतील. एप्रिल अंकात टाकू. घाई कसली, अंक म्हणजे काही पंचांग नाही.

६ जानेवारी
अंक आला. 'वाचक म्हणतात' अप्रतिम दिसतंय.

संध्याकाळी मैत्रेयीचा फोन. बळवंतकाकांची तारीख सतरा ठरवली, त्याआधी नवा ओपीजी काढू का, काका नको म्हणतायत. म्हटलं, माझ्या अंकात छापलेला असताना पुन्हा कशाला? शिवाय त्या पानाची तारीफ पानिपतपर्यंत गेलीय. ती म्हणाली, ठीक आहे बाबा, तुम्ही म्हणताय तर.

माझ्यावरचा तिचा हा विश्वास बघून बरं वाटलं. आणि थोडं कसंसंच वाटलं. कदाचित वांग्याचं भरीत.

१४ जानेवारी
पहाटे महाराष्ट्र मंडळाच्या बसने पानिपत. दरवर्षी संक्रांतीला काला अंबला, लढाईच्या स्मारकाला जातो, पण या वर्षी मला वैयक्तिक कारणही होतं. पानिपतच्या वाचकांची भेट.

बळवंतराव माझ्या शेजारी. शालीत अंक गुंडाळून आणला होता. मुरथल येईपर्यंत बसमधल्या प्रत्येकाने त्यांचा जबडा बघितला. सुनंदावहिनी म्हणाल्या, अहो, निदान जेवणाच्या वेळी तरी नका दाखवू.

स्मारकापाशी गर्दी, घोषणा, हातपाय गारठलेले. तिथे साठीच्या एक बाई लोकांना चहा आणि तिळगूळ देत होत्या. माझं नाव कोणी घेतलं तशा पुढे आल्या. म्हणाल्या, मी कुसुमावती, तुमची पान चौदावाली. मी नम्रपणे हसलो. म्हटलं, तुमचं पत्र आम्ही अग्रक्रमाने छापलं. त्या म्हणाल्या, हां, बघितलं, अर्धं.

मग विचारलं, तो जबडा कोणाचा आहे जी? मी काही बोलायच्या आत बळवंतराव म्हणाले, माझा. आणि अंक उघडून दाखवला. त्यांनी विचारलं, दाढ निघाली का? ते म्हणाले, सतराला, डॉक्टरांची मैत्रेयी काढणार, याच फोटोवरून.

कुसुमावतीबाई माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही. रागाने बघितलं असतं तर मी उत्तर दिलं असतं. म्हणाल्या, डॉक्टरसाहेब, बाजू पक्की करून घ्या ना एकदा. आणि बळवंतरावांना सांगितलं, भाऊसाहेब, नवा एक्स-रे काढा. बळवंतराव हसून म्हणाले, अहो, छापलाय स्वतः यांनी, अजून काय पाहिजे? मी विषय बदलून मराठ्यांच्या रसदीबद्दल बोललो. कोणी ऐकत नव्हतं.

परतीच्या बसमध्ये ते माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपले. तोंड उघडं. मला दोन्ही बाजू दिसत होत्या आणि दोन्हीकडे काहीच दिसत नव्हतं. मैत्रेयी चांगली बाजू फोडणार आणि गाठ तिथेच राहणार. आणि सही तिची असेल. मला भीती वाटली. लिहून ठेवतो, कारण ही रोजनिशी दुसरं कोणी वाचत नाही.

उद्या सकाळी पहिलं काम, मैत्रेयीला फोन.

१५ जानेवारी
फोन हातात घेतला. पण अशा गोष्टी फोनवर सांगायच्या नसतात. पोरगी घाबरेल, तिचा हात थरथरेल. शांतपणे, समोर बसून, नीट पार्श्वभूमी देऊन सांगावं लागेल. शिवण, पानाची रचना, सगळं. नाहीतर तिला वाटेल मी निष्काळजी आहे.

फॉर्मवर नवीन प्रतिक्रिया आल्याची सूचना. पानिपतहून. उघडली नाही. एकाच वाचकाला एवढं महत्त्व देणं बरोबर नाही.

प्रेसला फोन केला. फिल्म सापडत नाही म्हणतात.

१६ जानेवारी
आज जाणार होतो. परिषदेच्या मीटिंगसाठी तक्ते करायचे होते. नऊ प्रतिक्रियांपैकी नऊ जणांना संपादकीय आवडतं. म्हणजे शंभर टक्के. तक्ता बघून एरवी आनंद झाला असता.

विनया म्हणाली, तुम्हाला बरं नाहीये का, दोन दिवस जेवत नाही. म्हटलं, दात दुखतोय. म्हणाली, कुठला? मी आधी डावीकडे बोट नेलं, मग उजवीकडे.

ऑपरेशन उद्या अकराला. मी साडेनऊपर्यंत पोचतो. भरपूर वेळ आहे.

१७ जानेवारी, सकाळ आठ
धुकं. विनया म्हणाली, मेट्रोने जा. गाडीने जातोय, वाटेत बोलण्याची तयारी करता येईल. निघण्यापूर्वी सगळ्या वाचकांना मेसेज टाकला, फॉर्म भरण्याचा आजचा शेवटचा दिवस. सवयीने टाकला.

१७ जानेवारी, संध्याकाळ
धौला कुआँपाशीच अडकलो. पुढच्या गाडीचे दिवेसुद्धा दिसत नव्हते. दहा वाजले. मैत्रेयीला फोन लावला, उचलला नाही. पुन्हा. पुन्हा. क्लिनिकचा नंबर एंगेज. मेसेज लिहायला घेतला, 'प्रिय मैत्रेयी, पानाच्या रचनेच्या संदर्भात' असा, आणि पुसला. मग नुसतं लिहिलं, 'थांब.' तो गेलाच नाही, नेटवर्क नव्हतं. अकरा वाजले. मी गाडीत एकटा बसून मोठ्याने म्हणत होतो, डावी, डावी, डावी. शेजारच्या टॅक्सीवाल्याने काच खाली करून विचारलं, भाईसाब, सब ठीक?

साडेबाराला पोचलो. बळवंतराव खुर्चीत, तोंडात कापूस, डोळे मिटलेले. सुनंदावहिनी बाहेर शांत बसलेल्या. मैत्रेयीने हातमोजे काढले आणि एक फिल्म उजेडाला धरली. नवी. कोपऱ्यात L. गाठ डावीकडे. दाढही डावीच काढलेली.

मी त्या L वर बोट ठेवून बघितलं.

तिने सांगितलं ते असं. दहाला खुर्चीत दुसरा पेशंट होता. मग बळवंतकाका धुक्यामुळे थोडे उशिरा आले. तोवर हातात वेळ होता, त्यात माझा मेसेज दिसला, म्हणून तिने एकदाचा फॉर्म भरला. अंक न वाचताच, 'अतिशय आवडतं' वर टिचकी मारून. पाठवल्यावर बाकीच्या प्रतिक्रिया समोर आल्या. सगळ्यात वर पानिपतची, चौदा तारखेच्या संध्याकाळची: पान चौदाच्या रुग्णाची शस्त्रक्रिया सतराला आहे. फोटो उलटा आहे अशी माझी खात्री आहे. जो कोणी करणार असेल त्याने कृपया आधी नवा एक्स-रे काढावा.

मी म्हटलं, बघ, फॉर्मचा उपयोग झाला.

ती म्हणाली, बाबा, तुम्हाला माहीत होतं?

म्हटलं, तेच सांगायला येत होतो.

म्हणाली, कधीपासून माहीत होतं?

म्हटलं, धुकं फार होतं.

तिने फिल्म पाकिटात घातली, पाकीट बळवंतरावांच्या नावाच्या फाइलमध्ये ठेवलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

१९ जानेवारी
मैत्रेयीने फॉर्म दुसऱ्यांदा भरलाय. मोकळ्या जागेत: पान चौदावरचा एक्स-रे उलटा आहे, नवा काढून खात्री केली, गाठ डावीकडे आहे, सर्व वाचकांनी नोंद घ्यावी. सूचना: संपादकांनी प्रतिक्रिया वाचाव्यात. खाली पूर्ण नाव, आडनावासकट. आमचं आडनाव फारसं आढळत नाही. सगळ्यांना सगळं दिसतंय.

बळवंतरावांकडे गेलो. गाल सुजलेला, त्यामुळे तेच जास्त बोलू शकत नव्हते. सगळं सांगायचं ठरवून गेलो होतो. सुनंदावहिनी म्हणाल्या, मैत्रेयीने सांगितलंय आम्हाला. चहा दिला. साखर घालू का, विचारलं नाही. कपाटावर अंक होता, पालथा ठेवलेला.

१२ फेब्रुवारी
मीटिंग. माझा शंभर टक्क्यांचा तक्ता कोणी बघितला नाही. अध्यक्षांनी सगळ्या प्रतिक्रिया मोठ्याने वाचल्या, त्या खोलीत पंखा बंद होता त्यामुळे स्पष्ट ऐकू आल्या. निर्णय: अंक छापील राहणार. एक वाचक एवढा बारकाईने वाचतो आणि एक पेशंट त्यामुळे वाचतो, म्हणजे अंकाला अर्थ आहे, असं ते म्हणाले. मी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग म्हणाले, संपादक डॉ. कुसुमावती.

तर 'आणि संपादक'चा अर्थ तो होता.

तात्त्विकदृष्ट्या हा माझाच विजय आहे. वाचक हाच खरा संपादक, हे माझंच वाक्य.

मैत्रेयीचा फोन नाही. महिना होत आला. रविवारी जेवायला येते, विनयाशी बोलते, मला भाजी वाढते.

३ मार्च
संकल्प: नव्या संपादकांना सविस्तर पत्र. गैरसमज दूर करायला हवेत. शिवणीचा प्रश्न, आर्ट पेपरची मर्यादा, ओखल्याच्या प्रेसची परिस्थिती, दिल्लीतलं धुकं, माझी एकूण सेवा. आठ दिवस लिहीन. असं लिहीन की मैत्रेयीलाही वाचताना कळेल.

११ मार्च
पत्र पूर्ण. चार पानं, दोन्ही बाजूंनी. विनयाला वाचून दाखवलं. तिसऱ्या पानावर तिने मटार सोलायचे थांबवले आणि माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा सोलायला लागली. पोस्टात टाकलं.

१० एप्रिल
अंक आला. एप्रिलमध्येच. पान चौदावर शुद्धिपत्र, अख्खं पान, आणि बळवंतरावांचा नवा एक्स-रे. गाठ थोडी शिवणीत गेलीय. कोपऱ्यात L.

'वाचक म्हणतात' शेवटच्या पानावर. पहिलंच पत्र माझं.

'तो एक्स-रे मी उलटवला होता, आणि हे मला दोन महिने माहीत होतं. – डॉ. पद्माकर, नवी दिल्ली.' खाली कंसात, जागेअभावी संक्षिप्त.

वाक्य माझंच आहे. तिसऱ्या पानावर, पानाच्या सौंदर्याबद्दलच्या परिच्छेदात, मधेच आलं होतं. एक अक्षर बदललेलं नाही. मी ते कधी लिहिलं, मला आठवतही नव्हतं.

संध्याकाळी मैत्रेयीचा फोन आला. माझ्याच नंबरवर. म्हणाली, बाबा, पत्र वाचलं, पूर्ण. मला सांगायचं होतं की मूळ पत्र चार पानांचं आहे, त्यात बरंच काही आहे. तिने विचारलं, जेवलात का?

म्हटलं, हो, आत्ताच.